यादीतलं पहिलं नाव

भातकापणी उरकली, मळे सुकले की आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टींचा मोसम सुरू होतो. रात्री दशावतार आणि दिवसा क्रिकेट. मालवणच्या बोर्डिंग मैदानावर, वेंगुर्ल्याच्या कॅम्प मैदानावर, सावंतवाडीच्या जिमखान्यावर मोठ्या स्पर्धा लागतात. आत वाडीवाडीत कापलेल्या मळ्याची ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून खेळपट्टी करतात आणि टेनिस चेंडूचे सामने रंगतात. पूर्वी वाडी विरुद्ध वाडी असा साधा मामला होता. गेल्या काही वर्षांत त्याचीही प्रीमियर लीग झाली. संघमालक आले, जर्सीवर नावं आली आणि सामन्यांच्या महिनाभर आधी शाळेच्या वर्गात नाहीतर देवळाच्या सभामंडपात खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. बोली बहुतेक ठिकाणी पैशांत नसते, गुणांत असते. प्रत्येक मालकाला सारखे गुण वाटून देतात आणि एक खेळाडू लिलावाबाहेर, आधीच, हक्काने राखता येतो. त्याला आयकॉन म्हणतात. संघाच्या यादीतलं पहिलं नाव त्याचं.

गेल्या मोसमाआधी अशी यादी ठरवण्याच्या एका बैठकीला मी होतो. मालकाच्या पडवीत सहा-सात जण, मध्ये वही. दहा वर्षं त्या संघाचं पहिलं नाव एकच होतं. डावखुरा, वय ४१, पहाटे मासळीचा टेंपो घेऊन जाणारा. त्याच्या जोरावर संघाने दोनदा चषक आणला. वाडीतली निम्मी पोरं बॅट धरायला त्याच्याकडे बघूनच शिकली. पण गेल्या दोन मोसमांत तो पहिल्या दोन षटकांतच परतत होता.

एक जण म्हणाला, "तेका आता चेंडू दिसणा नाय."

दुसरा म्हणाला, "दिसता रे, पण पाय हलणा नाय."

मालक म्हणाला, "तेका सोडूचो तरी कसो? टीम तेच्यामुळे उभी रवली."

तासभर हेच चाललं. शेवटी वहीत २१ वर्षांच्या एका पोराचं नाव लिहिलं गेलं. निर्णय झाला. तो त्याला सांगायचा कोणी, हे मात्र ठरलं नाही. लिलावाच्या दिवशी तो नेहमीसारखा आला. बॅटला नवी ग्रिप चढवून आणली होती आणि तिच्यावरचा प्लॅस्टिकचा तुकडा अजून दांड्याच्या टोकाला चिकटलेला होता. पडद्यावर संघाची यादी लागली, पहिल्या जागी दुसरं नाव दिसलं. त्याने ते वाचलं, खिशातून मोबाईल काढला, पुन्हा ठेवला आणि शेवटच्या फेरीपर्यंत जागचा हलला नाही. शेवटच्या फेरीत दुसऱ्या एका संघाने त्याला मूळ बोलीला घेतलं.

मीही त्या पडवीत होतो आणि मीही काही बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तो निर्णय चुकला, असं मी म्हणत नाही. त्या पोराने मोसम गाजवला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. ज्या संघाने डावखुऱ्याला घेतलं, त्यांनी त्याला सहाव्या क्रमांकावर खेळवलं, क्षेत्ररचना त्याच्या हाती दिली आणि तेही उपांत्य फेरीत पोचले. दोन्ही बाजूंना आपलंच खरं ठरलं असं म्हणायला जागा राहिली. वय झालेल्या मोठ्या खेळाडूला कधी सोडायचं, या प्रश्नाचं बहुतेक वेळा असंच होतं. उत्तर मागाहून मिळतं आणि तेही दोन तोंडांचं असतं. म्हणूनच आधी काय पाहायचं हे नीट ठरवायला हवं.

कबड्डीतलं एक उदाहरण महाराष्ट्राला जवळचं आहे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबईचा यू मुंबा संघ म्हणजे अनुप कुमार, असंच समीकरण होतं. माणूस हरियाणाचा, पण मुंबईकरांनी त्याला आपला मानलं. पहिल्या मोसमातला तो सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या नेतृत्वाखाली संघ पहिले तिन्ही मोसम अंतिम फेरीत पोचला आणि २०१५ मध्ये जिंकला. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात तोच भारताचा कर्णधार होता. त्याची चढाई पाहिलेल्यांना आठवत असेल, त्यात घाई नसायची. बोनस रेषेवर पाऊल टाकून, पकड करणाऱ्याच्या डोळ्यांत बघत तो परत फिरायचा. पण कबड्डीत चढाईपटूचं वय गुडघ्यात आणि घोट्यात मोजतात. आत जाणं जमतं, पकडीतून सुटून मध्यरेषेपर्यंत परत येणं जमेनासं होतं. २०१७ च्या मोसमात संघ बाद फेरीपर्यंतही गेला नाही. २०१८ च्या लिलावाआधी यू मुंबाने त्याला राखलं नाही. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. जयपूरने त्याला ३० लाखांना घेतलं, कर्णधार केलं आणि त्याच मोसमात, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याने निवृत्ती जाहीर केली.

यू मुंबाने त्या वर्षी काय केलं, हे इथे महत्त्वाचं आहे. त्यांनी इराणच्या फझल अत्राचलीला एक कोटी देऊन बचावाची बाजू बांधली आणि चढाईसाठी सिद्धार्थ देसाई नावाचा जवळजवळ अनोळखी मुलगा ३६ लाख ४० हजारांना घेतला. तो चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. आंबोलीचा घाट चढून गेलं की चंदगड आमच्या शेजारचाच तालुका, त्यामुळे त्याचं कौतुक इथेही झालं. त्या एका मोसमात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि संघ बाद फेरीत गेला. अनुपला सोडण्याचा निर्णय त्या मोसमात बरोबर ठरला, त्याचं कारण अनुप म्हातारा झाला एवढंच नव्हतं. त्याचं काम करायला दुसरा माणूस सापडला होता.

गोष्ट इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ लिलावात गेला आणि तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मोसमापूर्वी ज्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, तो वर्षभरात मुंबईला न परवडणारा झाला. इथे वयाचा संबंधच नव्हता. प्रत्येक संघाला खर्चाची ठरलेली मर्यादा असते आणि एका खेळाडूवर गेलेला रुपया दुसऱ्यासाठी उरत नाही. हा हिशेब घरखर्चासारखा आहे. ज्येष्ठ खेळाडूविषयी बोलताना आपण त्याचं वय मोजत बसतो आणि त्याच्यामुळे संघातले बाकीचे कोण येऊ शकत नाहीत, हे मोजायचं विसरतो.

पुणेरी पलटणने हे मोजलं. २०२२ मध्ये त्यांनी याच फझल अत्राचलीसाठी १ कोटी ३८ लाख दिले, त्याला कर्णधार केलं आणि संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना हरले. अंतिम फेरीपर्यंत नेणाऱ्या कर्णधाराला कोण सोडतं? पुण्याने सोडलं. पुढच्या लिलावात त्यांनी मोहम्मदरेझा शादलुई या तिशीच्या बऱ्याच अलीकडल्या इराण्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. काम तेच, डाव्या कोपऱ्यातल्या पकडीचं. कर्णधारपद नगरच्या अस्लम इनामदारला दिलं आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला विजेतेपद घेतलं. यात पैसे वाचवलेले नाहीत, उलट जास्त घातले आहेत. मात्र त्याच जागेसाठी, पुढची काही वर्षं चालेल अशा माणसावर घातले आहेत. मला हा निर्णय या साऱ्या उदाहरणांत सगळ्यात स्वच्छ वाटतो. संघ वर असताना घेतलेला, पर्याय हातात धरून घेतलेला आणि ज्याला सोडलं त्यालाही पुढे गुजरातने १ कोटी ६० लाखांना घेतलं, म्हणजे त्याचंही नुकसान न झालेला.

पण वेळ ओळखणं इतकं सोपं असतं तर आपल्या हॉकीतल्या धनराज पिल्लेची कहाणी तशी घडली नसती. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्या कर्णधारपदाखाली भारताने ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर लगेच त्याला आणि आणखी सहा जणांना संघातून वगळलं गेलं. विश्रांती दिली, असं सांगितलं गेलं. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. मैदानी हॉकीत धावण्याच्या खेळावर जगणाऱ्या आघाडीच्या खेळाडूसाठी तीस म्हणजे उतार सुरू झाला, असा हिशेब मांडणारे त्याही वेळी होते. तो परतला. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, ३४ व्या वर्षी, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीस ही संख्या त्याच्या बाबतीत खोटी निघाली.

आणि मग अथेन्स २००४. तो ३६ वर्षांचा. चौथ्या ऑलिंपिकसाठी त्याला संघात घ्यावं की नाही यावर देशभर वाद झाला, शेवटी घेतलं. भारत सातवा आला आणि धनराजच्या वाट्याला मैदानापेक्षा बाकच जास्त आला. एकाच माणसाला एकदा फार लवकर बाजूला सारलं आणि एकदा फार उशिरा धरून ठेवलं. दोन्ही वेळा निर्णय घेणाऱ्यांकडे कारणं होती. दोन्ही वेळा, मला वाटतं, एकच चूक झाली. पहिल्या वेळी सुवर्णपदकानंतरच्या मानापमानात त्याचा खेळ कोणी पाहिला नाही. दुसऱ्या वेळी त्याच्या नावाभोवतीच्या प्रेमात त्याचा खेळ कोणी पाहिला नाही. ज्याला संघात घेतलं त्याला बाकावर बसवायचं, यात त्याचाही मान राहत नाही आणि संघाचाही फायदा होत नाही. त्याच्या जागी गेला असता तो तरुण घरी राहिला, हे नुकसान वेगळंच.

अमेरिकेत बेसबॉलच्या ब्रँच रिकी या जुन्या व्यवस्थापकाच्या नावावर एक सूत्र सांगतात: खेळाडूला वर्षभर उशिरा विकण्यापेक्षा वर्षभर आधी विकलेलं बरं. आपल्याकडेही हल्ली संघ चालवणारे हेच बोलतात. मला हे सूत्र अर्धं पटतं. रिकीच्या खेळात सोडलेल्या खेळाडूच्या बदल्यात काहीतरी हातात येतं: दुसरा खेळाडू किंवा पैसा. तिथे लवकर सोडण्याला भाव मिळतो. आयपीएलमध्ये अशी अदलाबदल आता होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजाला राजस्थानकडे दिलं आणि संजू सॅमसनला घेतलं. जडेजा तेव्हा ३७ च्या उंबरठ्यावर होता. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्यानेच चेन्नईला चषक जिंकून दिला होता. चेन्नईच्या चाहत्यांना दुःख झालं असणार. पण त्यांनी त्याला दारात उभं करून निरोप दिला नाही. त्याच्या बदल्यात पुढची वर्षं विकत घेतली आणि त्यालाही अशा संघात पाठवलं जिथे त्याची गरज होती. ही खरी अदलाबदल झाली. आमच्या गावच्या लीगमध्ये आयकॉन बदलला तर बदल्यात काहीच येत नाही. तिथे वर्षभर आधी सोडण्याचा फायदा शून्य असतो, खर्च मात्र पूर्ण असतो. म्हणून मोठ्यांचं सूत्र लहान संघाने जसंच्या तसं उचलू नये.

बदलीचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला बर्फावरच्या हॉकीत सापडलं. कॅनडात हा खेळ आपल्या क्रिकेटइतकाच जीव की प्राण. रे बर्क हा बचावपटू १९७९ पासून बॉस्टनकडे खेळत होता. सगळे मानसन्मान मिळाले, पण स्टॅन्ली चषक काही हाती लागला नाही. मार्च २००० मध्ये, ३९ व्या वर्षी, त्यानेच संघाला विनंती केली की मला अशा संघाकडे पाठवा जिथे एकदा तरी चषक जिंकण्याची संधी मिळेल. बॉस्टन तेव्हा घसरणीला लागलं होतं. त्यांनी त्याला कोलोरॅडोकडे दिलं आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले. पुढच्या वर्षी, जून २००१ मध्ये, कोलोरॅडो जिंकलं. रीतीप्रमाणे चषक आधी कर्णधार उचलतो. कर्णधार जो सॅकिकने तो हातात येताच डोक्यावर न नेता सरळ बर्ककडे दिला. बर्क तो चषक घेऊन बॉस्टनला गेला तेव्हा ज्या शहराने त्याला सोडलं होतं, तिथलेच हजारो लोक त्याला बघायला चौकात जमले.

मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण इथे प्रश्न योग्य माणसाने विचारला. खेळाडूने स्वतः. आपल्याकडे हे फार कमी घडतं. वेंगुर्ल्याशी नातं सांगणाऱ्या गावसकरांनी ते केलं. मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या फिरत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांची ती खेळी, भारत १६ धावांनी हरला आणि त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. विजय मर्चंट सांगत, लोक "का?" असं विचारत असताना जावं, "अजून का नाही?" असं विचारण्याआधी. पण हा सल्ला खेळाडूला आहे. संघमालकाला तो कामाचा नाही. बरेच मालक मात्र याच सल्ल्याची वाट बघत बसतात. खेळाडू आपणहून गेला तर सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांना वाटतं. तो जात नाही, कारण त्याला अजून खेळायचं असतं, आणि तशी इच्छा असणं काही गुन्हा नाही. मग मालक काहीच सांगत नाही आणि एक दिवस पडद्यावर यादी लागते.

मुंबई इंडियन्सच्या बाबतीत रोहित शर्माचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. पाच विजेतेपदं मिळवून दिलेला कर्णधार, वय ३६. त्याला दुसऱ्या संघाला दिलं नाही. त्याच्या जागी नेतृत्व करायला गुजरातकडून हार्दिक पांड्याला आणलं आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी कर्णधारपद हार्दिकला दिल्याचं जाहीर केलं. विचार पुढच्या वर्षांचा होता आणि तो विचार म्हणून मला अजूनही चुकीचा वाटत नाही. पण लोकांच्या मनाची तयारी झालेली नव्हती. २०२४ च्या मोसमात आपल्याच वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. संघ १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटच्या जागेवर राहिला. त्याच जूनमध्ये रोहितच्या नेतृत्वाखाली भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. मुंबईने त्याला पुढेही राखलं. २०२५ मध्ये अनेक सामन्यांत तो फक्त फलंदाजीपुरता, 'इम्पॅक्ट प्लेअर' म्हणून मैदानात आला आणि गुजरातविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये ५० चेंडूंत ८१ धावा करून गेला.

या एका उदाहरणात मला सगळा प्रश्न दिसतो. मोठा खेळाडू संघासाठी एकाच वेळी तीन कामं करत असतो. तो खेळतो, बाकीच्या दहांना धीर देतो आणि लोकांना मैदानावर खेचून आणतो. वय या तिन्हींना सारख्या वेगाने खात नाही. पाय आधी जातात, डोळा नंतर, डोकं बरंच नंतर, आणि लोकांच्या मनातली जागा तर खेळ थांबल्यावरही राहते. रोहितचं नेतृत्व काढलं, पण सलामीची बॅट ठेवली. पुढे अनेक सामन्यांत क्षेत्ररक्षणाचं ओझंही काढलं. तो उरलेलं काम चोख करत राहिला. संघाने नेमकं काय विकत घेतलंय हे आधी ओळखलं, तर सोडायचं की ठेवायचं याआधी कुठे ठेवायचं हा प्रश्न पुढे येतो. खेळ संपल्यावरही अनुप कुमारचं कबड्डीतलं डोकं संपलं नव्हतं. तो पुढे पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला.

हे मला माझ्या किनाऱ्यावर रापणीत रोज दिसत आलंय. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडते, मग किनाऱ्यावर दोन रांगा करून माणसं दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढतात. ओढायला तरुण हात लागतात. पण मासळी कुठे लागली आहे, होडी कुठून वळवायची, हे पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून सांगणारा बहुतेक वेळा वयस्कर असतो. त्याच्या कंबरेला दोरी ओढवत नाही आणि कोणी त्याला ओढायला सांगतही नाही. मासळी आली की त्याचा वाटा त्याला मिळतो. पर्ससीनच्या मोठ्या बोटींनी रापणीचं कंबरडं मोडलं आहे आणि असे संघ कमी होत चाललेत, पण ही रीत अजून टिकून आहे.

ही तुलना किती ताणायची, हेही सांगितलं पाहिजे. रापणीत पन्नास माणसं मावतात, संघात अकरा. त्यातला एक गेला की एक तरुण उभा राहतो, आणि तो तरुण कोणाचा तरी मुलगा असतो, त्यालाही आपली वेळ यावी असं वाटत असतं. ज्येष्ठाला मान द्यायचा म्हणून त्याला दरवर्षी पहिल्या क्रमांकावर ठेवणं हा त्या पोरावर अन्याय आहे, आणि तो अन्याय आपण प्रेमाच्या नावाखाली कितीतरी वर्षं करत आलो आहोत. गावातल्या किती संघांत पस्तिशीच्या पुढचे सात-आठ जण आणि बाहेर उभी असलेली वीस-बावीसची पोरं दिसतात! त्यांतली काही मग खेळच सोडतात, मुंबईला जातात, आणि पुढच्या गणपतीत येतात तेव्हा मैदानाकडे फिरकतही नाहीत.

म्हणून माझं मत असं आहे. आयकॉनचं नाव बदलायचं असेल तर तो पूर्णपणे खालावायची वाट बघू नये. ज्या वर्षी दुसऱ्या संघाला तो अजून हवासा आहे, त्या वर्षी बदलावं. म्हणजे लिलावात त्याच्यासाठी हात वर होतील आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्याला बसावं लागणार नाही. पण त्या जागेसाठी कोण, हे आधी ठरलेलं असावं. पर्याय नसताना फक्त वय झालं म्हणून नाव काढलं, तर तो संघ त्याच्याशी आणि स्वतःशीही अप्रामाणिक ठरतो. त्याला संघात ठेवणार असाल तर काम बदलून ठेवा: सलामीऐवजी मधल्या फळीत, सीमारेषेऐवजी स्लिपमध्ये, फलंदाजीचं ओझं कमी करून क्षेत्ररचना त्याच्या हाती देऊन. आणि "फक्त एक वर्ष अजून" असं सांगायचं असेल तर ते वर्ष सगळ्यांना माहीत होऊ द्या, त्यालाही. त्याचा शेवटचा सामना त्याला ठाऊक असू द्या.

यातलं सगळं जमलं नाही तरी एक गोष्ट कोणत्याही संघाला, कितीही छोट्या, जमू शकते. तिला ना पैसे लागतात ना गुण. जे ठरलं ते त्याला पडद्यावरून कळू नये. त्या डावखुऱ्या फलंदाजाकडे मी अजून गेलो नाही. या आठवड्यात जाणार आहे.

या वर्षीची भातकापणी सुरू आहे. काही दिवसांत पुन्हा वह्या उघडतील, पडवीत बैठका बसतील. ज्यांना यादीतलं पहिलं नाव बदलायचं आहे, त्यांनी लिलावाआधी एका संध्याकाळी त्याच्या घरी जावं, मालकाने स्वतः जावं, आणि त्याला समोर बसून सांगावं.